गेले की घालवले?

आयर्लंडच्या दक्षिणेला, कॉर्क शहरातून लोकलने पंचवीस मिनिटांवर कोव्ह नावाचं गाव आहे. रूळ संपतात तिथेच धक्का, आणि धक्क्याच्या पुढे समुद्र. मागे उभा चढ, चढावर उतरंडीसारखी रंगीत घरं आणि सगळ्यांच्या डोक्यावर कॅथेड्रलचा दगडी कळस.

या गावात चार दिवसांसाठी पाहुणे म्हणून आलेले मामा मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. भाची समोरच्या किनाऱ्यावरच्या औषध कारखान्यात नोकरीला, राहायला कोव्हच्या चढावर. पहिल्याच दिवशी दोघांचा वाद जुंपला, तो मामांचं विमान सुटेपर्यंत मिटला नाही. त्यातली ही एका दुपारची बैठक, धक्क्याजवळच्या बाकावरची.

मामा : काय बंदर आहे गं! तोंड अरुंद, पोट मोठं. बाहेर अटलांटिक कितीही खवळला तरी आत नांगरलेल्या जहाजावर चहाचा कप हिंदकळायचा नाही. शिवाय मधे ही दोन बेटं, हॉलबोलिन आणि स्पाइक. नकाशा पाहिला तेव्हाच कळलं, इथे गाव का झालं ते. नेपोलियनशी लढाया चालल्या तेव्हा इंग्रजांची जहाजं इथे तांडा जमवायची आणि कॉर्कचं खारवलेलं गोमांस नि लोणी भरून निघायची. माल आला, माणसं आली, गाव वाढलं.

भाची : गाव वाढलं खरं, पण बहुतेक माणसं इथे राहायला आलीच नाहीत. ती निघायला आली. १८४८ ते १९५० या काळात आयर्लंडमधून उत्तर अमेरिकेला साठेक लाख माणसं गेली. त्यातली पंचवीस लाख या एका बंदरातून. आज गावात जेमतेम पंधरा हजार लोक आहेत. पंधरा हजारांच्या गावातून पंचवीस लाख माणसं घालवली.

मामा : गेली म्हण. 'घालवली' कशाला?

भाची : कारण घालवलीच. हौसेने कोण आपलं गाव सोडतं?

मामा : मी सोडलं. तू सोडलंस. गेलेला आणि घालवलेला, दोघांचं तिकीट सारखंच दिसतं. पण पहिला माणूस असतो आणि दुसरा सामान. पंचवीस लाख माणसांना एका शब्दात सामान करून टाकू नकोस.

भाची : बरं, सुरुवातीपासून बघू. १८४५ साली इथल्या बटाट्यावर करपा आला. आपल्या मंचर-खेडच्या बटाटेवाल्यांना छळतो तोच उशिराचा करपा. पान काळं पडतं, देठ सडतो आणि जमिनीतला बटाटा हातात घेतला की चिखल होतो. इथल्या गरिबाचं सगळं पोट एका बटाट्यावर, त्यातही बहुतेक एकाच वाणावर. गहू, ओट पिकायचे, पण ते खंड भरायला विकायचे. १८४१च्या जनगणनेत या बेटावर ८१ लाख ७५ हजार माणसं होती. १८५१ला ६५ लाख ५२ हजार. दहा लाखांच्या आसपास उपासाने आणि तापाने मेली, तेवढीच देश सोडून गेली.

मामा : हे मी नाकारतच नाही. पण करपा कुणी इंग्रजाने फवारला नव्हता. 'दुष्काळात धान्य बाहेर गेलं' हे तुझ्या तोंडाशी आलेलं वाक्यही मला दिसतंय. गेलं, खरंय. पण १८४७ साली बाहेर गेलं त्याच्या कितीतरी पट धान्य आत आलं. अमेरिकेचा मका आला.

भाची : आला, पण उशिरा आला, आणि ज्याच्या खिशात दमडी नाही त्याने तो घ्यायचा कसा? मी मात्र धान्याचं बोलणारच नव्हते. मी कायद्याचं बोलणार होते. जून १८४७मध्ये पार्लमेंटने गरिबांच्या मदतीच्या कायद्यात एक कलम घातलं. ग्रेगरी नावाच्या खासदाराने सुचवलेलं. पाव एकराहून जास्त जमीन ज्याच्याकडे आहे त्याला मदत मिळणार नाही.

मामा : पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे.

भाची : हो, दहा गुंठे. अकरा गुंठे कसणाऱ्या कुळाच्या घरी पोरं उपाशी असतील तर त्याने आधी जमीन सोडायची, मग पेज मागायची. जमीन सोडली की झोपडी गेली, झोपडी पाडली की माणूस रस्त्यावर. जमीनदाराला तर ते हवंच होतं, कारण चार पौंडांखालच्या जमिनींचा गरीब-कर कुळाऐवजी त्याच्या डोक्यावर बसायचा. जितकी कुळं कमी तितका कर कमी. आता सांग, हा माणूस गेला की घालवला?

मामा : हा घालवला. पण तो कोव्हवरून गेला का?

भाची : म्हणजे?

मामा : काल स्टेशनातल्या संग्रहालयात सगळे उसासे टाकत होते तेव्हा मी तारखा बघत होतो. दुष्काळाच्या ऐन वर्षांत बहुतेक आयरिश माणूस आधी लिव्हरपूलला गेला आणि तिथून अमेरिकेच्या जहाजात चढला. लहान लहान बंदरांतूनही शिडाची जहाजं सुटत. इथली खरी गर्दी झाली ती नंतर, वाफेच्या जहाजांच्या काळात. १८५९च्या सुमारास लिव्हरपूलहून अमेरिकेला जाणाऱ्या आगबोटी इथे थांबायला लागल्या. का थांबल्या, माहीत आहे? माणसांसाठी नाही. टपालासाठी! जहाज लिव्हरपूलहून आदल्या दिवशी सुटायचं. लंडनचं टपाल मागून निघायचं, रेल्वेने, मग बोटीने, मग परत रेल्वेने, आणि इथे जहाजाला गाठायचं. १८६२ला रूळ थेट या गावात आले. ज्या स्टेशनात तुमचं संग्रहालय आहे, ते मुळात टपालाच्या घाईतून मोठं झालं. पंचवीस लाखांतले बहुतेक जण त्या पिशव्यांच्या मागोमाग गेले. दुष्काळ संपून वीस, तीस, पन्नास वर्षं झाल्यावर गेले. त्यांना कुणी घालवलं?

भाची : त्यावर येते. त्याआधी एक हिशेब पुरा करू दे. शेजारच्या केरी परगण्यात केनमेअरजवळ लॅन्सडाउन नावाच्या उमरावाची जमीन होती. त्याचा कारभारी ट्रेंच. त्याने १८५१ला मांडणी केली, की वर्कहाउस नावाच्या गरीबखान्यात कुळं पोसण्यापेक्षा त्यांचं अमेरिकेचं भाडं भरून टाकलेलं स्वस्त. मग आठवड्याच्या आठवड्याला जथे कॉर्कच्या बंदराकडे चालवले. चार हजारांहून जास्त माणसं. अंगावर धड कपडा नाही, आणि न्यूयॉर्कमध्ये उतरली ती फाइव्ह पॉइंट्स नावाच्या सगळ्यात बकाल वस्तीत.

मामा : आणि पुढे?

भाची : पुढे काय?

मामा : पुढचं मी वाचलंय. टायलर ॲनबाइंडर नावाच्या इतिहासकाराने न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या जुन्या वह्या काढल्या. खातेदाराचं गाव, जहाज, आईबापांची नावं, सगळं त्यात लिहिलेलं. त्यात हीच लॅन्सडाउनची माणसं सापडली. हमाल, धुणेवाल्या, पाटीवाल्या. काही वर्षांत त्यांच्या खात्यावर शेकड्यांनी डॉलर. म्हणजे हाडांच्या सापळ्यासारखी उतरलेली माणसं जमिनीला पाय लागताच उभी राहिली. असा माणूस सामान नसतो गं.

भाची : जे जगले त्यांच्या वह्या आहेत, मामा. जे वाटेत मेले त्यांची खाती कुठल्या बँकेत बघायची? १८४७च्या एका वर्षात कॅनडात क्यूबेकजवळच्या ग्रोस इल बेटावर पाच हजारांहून जास्त माणसं पुरली. जहाजावरच ताप पसरला होता. उगाच नाही 'शवपेट्यांची जहाजं' म्हणत.

मामा : सगळी जहाजं तशी नव्हती. ट्रालीच्या बाजूने जीनी जॉन्स्टन नावाचं शिडाचं जहाज सुटायचं. सोळा फेऱ्या केल्या आणि एकही माणूस दगावला नाही. कप्तान बरा होता, जहाजावर डॉक्टर होता, बिछाने वर आणून उन्हात टाकायचे. म्हणजे मरण समुद्रात नव्हतं, मालकाच्या कंजूषपणात होतं. हे मात्र मी तुझ्या बाजूने बोलतोय, लिहून ठेव.

भाची : ठेवलं. अजून एक लिहून घेते. समोरचं स्पाइक बेट बघ. १८४७ ते १८८३ तिथे कैद्यांचा डेपो होता. १८५०च्या सुमारास दोन हजारांवर माणसं होती. दुष्काळात मेंढी चोरली, भाकरी चोरली, म्हणून ऑस्ट्रेलियाला रवाना. हे तर काळं पाणीच. यांना 'गेले' कसं म्हणशील?

मामा : नाही म्हणत. हे घालवले, शिक्का मारून घालवले. चल, थोडं चालू. स्टेशनसमोरच्या त्या पुतळ्यातल्या पोरीपाशी जाऊ.

(दोघं स्टेशनच्या दिशेने निघतात. वाटेत टपाल कचेरीसारखी एक जुनी इमारत लागते. एकेकाळचं व्हाइट स्टार लाइनचं, म्हणजे टायटॅनिकच्या कंपनीचं कार्यालय. मागे पाण्यात धक्क्याचे कुजके लाकडी खांब उभे आहेत, वर पाणपक्षी.)

मामा : या जुन्या धक्क्याला मोठं जहाज कधी लागलंच नसेल.

भाची : नाही. मोठी जहाजं बाहेर, रोचेस पॉइंटच्या दीपगृहाजवळ नांगर टाकायची. इथून छोट्या आगबोटीने माणसं आणि टपाल तिथवर न्यायचे. टायटॅनिकच्या वेळी अशा दोन बोटी होत्या. नावं ऐक : एकीचं 'आयर्लंड', दुसरीचं 'अमेरिका'.

मामा : वा! नाव ठेवणारा मिश्कील असला पाहिजे.

भाची : ११ एप्रिल १९१२, दुपारची वेळ. त्या दोन बोटींतून १२३ माणसं गेली. तीन पहिल्या वर्गाची, सात दुसऱ्या, बाकी ११३ तिसऱ्या वर्गाची. वाचली ४४. टायटॅनिकवरून इथे एक जण उतरलाही. पुढे धर्मगुरू झालेला फादर ब्राउन. कॅमेरा गळ्यात होता. त्याने काढलेले फोटो म्हणून तर टायटॅनिकचं आतलं आयुष्य आपल्याला दिसतं. आणि आथलोनचा युजीन डेली म्हणून एक जण तिसऱ्या वर्गाच्या डेकवर उभा राहून, किनारा मागे पडेपर्यंत पाइप्स वाजवत होता. तो वाचला.

मामा : त्या १२३ जणांत मेयो परगण्यातल्या एकाच गावपंचक्रोशीतले चौदा होते ना? काल भिंतीवर वाचलं. अकरा बुडाले. पण त्यातल्या काही बायका आधीच शिकागोत स्थिरावलेल्या होत्या. सुट्टीला माहेरी येऊन परत निघाल्या होत्या, आणि येताना गावातल्या पोरीबाळींना बरोबर घेतलं होतं. म्हणजे १९१२पर्यंत माहेर-सासर चालू झालं होतं. हे घालवलेल्या माणसाचं लक्षण नाही.

भाची : काही थोडे येत. पण युरोपातून अमेरिकेला गेलेल्यांत आयरिश माणसाचं परत यायचं प्रमाण फार कमी. इटलीचा मजूर चार पैसे गाठीला बांधून गावी यायचा, जमीन घ्यायचा. आयरिश माणूस सहसा यायचा नाही. म्हणून तर इथे निघण्याच्या आदल्या रात्री 'अमेरिकन वेक' व्हायचा.

मामा : वेक म्हणजे मयताजवळ रात्रभर जागतात ते?

भाची : तेच. घरात मेलेलं माणूस असल्यासारखी रात्र जागवायची, फक्त माणूस जिवंत. शेजारपाजारचे यायचे, दारू, चहा, नाच, मधेच कुणी म्हातारी आक्रोश करायची. निघणारी पोर एकीकडे पाहुण्यांना चहा देत्येय आणि दुसरीकडे लोक तिच्यासाठी रडतायत. पहाटे बापाने सोबत करायची, ठरलेल्या वळणापर्यंत. तिथून तो मागे, ती पुढे. हौसेने निघालेल्या पोरीचं घरातून सुतक पाळतात का, मामा?

(मामा काही बोलत नाहीत. दोघं स्टेशनसमोर पोचतात. तिथे ब्राँझची एक मुलगी आणि तिचे दोन धाकटे भाऊ.)

मामा : ही ॲनी मूर.

भाची : कॉर्कचीच. २० डिसेंबर १८९१ला याच बंदरातून 'नेवाडा' जहाजावर निघाली. बरोबर अँथनी आणि फिलिप हे दोघे भाऊ. आईबाप आधीच न्यूयॉर्कला गेलेले. १ जानेवारी १८९२ला एलिस आयलंडचं स्थलांतरितांचं नवं केंद्र उघडलं आणि पहिलं नाव हिचं नोंदलं गेलं. अधिकाऱ्याने दहा डॉलरचं सोन्याचं नाणं दिलं. वर्तमानपत्रांनी लिहिलं, आज तिचा पंधरावा वाढदिवस. खरं तर ती सतरा वर्षांची होती आणि वाढदिवसही नव्हता.

मामा : वर्तमानपत्रं तेव्हाही तशीच होती म्हणायची! पण बघ, सतरा वर्षांची पोर दोन भावंडांना घेऊन बारा दिवस समुद्र ओलांडते, आणि तू तिला घालवलेली म्हणतेस? इथल्या स्थलांतराची मला सगळ्यात भावलेली गोष्ट हीच आहे. दुसऱ्या देशांतून पुरुष आधी निघाले. इथून पोरी निघाल्या, एकट्या, बिनलग्नाच्या, आणि पुरुषांइतक्याच संख्येने. अमेरिकेत घरकामाला राहिल्या. पगार साठवला, गावी पाठवला, आणि मग धाकट्या बहिणीचं तिकीट काढलं. ती गेली, तिने तिसरीचं काढलं. माळेतल्या मण्यांसारख्या एकीमागे एक. यात जमीनदार कुठे आहे?

भाची : जमीनदार नाही, बाप आहे. दुष्काळाने इथल्या शेतकऱ्याला एक धडा दिला, की जमिनीचे तुकडे करायचे नाहीत. मग अख्खं शेत एका मुलाला, हुंडा एका मुलीला. बाकीच्या सहा जणांना काय?

मामा : बोटीचं तिकीट.

भाची : झालं ना मग? आधी कायद्याने घालवलं, नंतर घराने घालवलं. पोरगी जन्मली तेव्हाच तिच्या वाट्याला अमेरिका लिहिलेली. ॲनीचंही ऐक. बरीच वर्षं लोक सांगायचे, ती पश्चिमेला गेली, टेक्ससमध्ये मोठ्या घराण्यात पडली, वगैरे. २००६ साली उघड झालं, की ती दुसरीच बाई होती, इलिनॉयमध्ये जन्मलेली. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या चाळींमधून कधी बाहेरच पडली नाही. मासळीबाजारात काम करणाऱ्या एका जर्मन घरातल्या मुलाशी लग्न. दहा-अकरा मुलं, त्यातली पाचच मोठी झाली. १९२४ला वारली. कबरीवर दगडसुद्धा नव्हता, तो बसला २००८ला. हे आहे तुझं माळेतल्या मण्याचं चित्र.

मामा : तू तिच्या हालांचे पुरावे देत्येस. मी तिच्या हिमतीचं बोलतोय. एकाने दुसरं खोटं ठरत नाही. ती न्यूयॉर्कच्या चाळीत राहिली, पण पाच पोरं वाढवली. आणि लोकांना टेक्ससची खोटी गोष्ट का आवडली? कारण आपल्याला गेलेला माणूस श्रीमंतच लागतो. माझी आगबोट मुंबईला लागली की गावचे लोक विचारायचे, काय आणलं? कसा आहेस, कुणी विचारायचं नाही.

भाची : हे मात्र खरं.

मामा : आणि तू विसरलीस ते सांगतो. या धक्क्यावर लुबाडणारे आयरिशच होते. खेड्यातली पोरं जहाजाची वाट बघत दोन-चार दिवस इथे पडून राहायची. दलाल त्यांना गाठायचे, घाणेरड्या खोल्यांमध्ये कोंबायचे, भाडं दुप्पट लावायचे. इंग्रजाला शिव्या देताना आपल्या माणसाला सोडून देऊ नकोस.

भाची : नाही सोडत. म्हणून तर मला या गावातली सगळ्यात आवडती बाई ॲनी नाही, शार्लट ओब्रायन आहे. बाप बंडखोर, इंग्रजांनी त्याला टास्मानियाला धाडलेला. ती स्वतः जहाजांच्या पोटात उतरली, तिसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर माणसं कशी झोपतात ते बघितलं, आणि १८८१ला लंडनच्या पॉल मॉल गॅझेटमध्ये लिहिलं. आरडाओरडा झाला, पार्लमेंटपर्यंत गेला. १८८२ला तिने याच गावात निघणाऱ्यांसाठी वसतिगृह काढलं, शंभरावर खाटांचं. दलालांच्या पोटावर पाय आला, तेव्हा त्यांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. ती थांबली नाही. न्यूयॉर्कला उतरणाऱ्या मुलींचीही सोय व्हावी म्हणून तिकडे गेली.

मामा : म्हणजे तिने 'जाऊ नका' असं सांगितलं नाही.

भाची : नाही. 'जायचंच असेल तर माणसासारखं जा' म्हणाली.

मामा : मग ती माझ्या बाजूची.

भाची : दोन्ही बाजूंची. कुणी घालवतंय हे तिला दिसत होतं, आणि जो निघालाय तो माणूस आहे हेही.

(दोघं चढ चढून कॅथेड्रलपाशी येतात. खाली सगळं बंदर दिसतं. मामा दम खात कठड्याला टेकतात.)

मामा : हे बांधायला किती वर्षं लागली?

भाची : १८६८ला पाया घातला, १९१९ला पूर्ण झालं. म्हणजे खालून माणसं निघत होती ती सगळी वर्षं वर पाथरवट छिन्नी चालवत होते. पैसा गावचा, आणि बराच अमेरिका-ऑस्ट्रेलियाचा.

मामा : बघ. जे गेले त्यांनी हा कळस चढवला.

भाची : आणि त्यातल्या कितीजणांनी तो पुरा झालेला पाहिला?

मामा : तू काही हरत नाहीस. बरं, खालच्या चौकात तो पंख असलेला पुतळा आहे तो कुठला?

भाची : लुसिटानिया जहाजाचा. ७ मे १९१५. जर्मन पाणबुडीने किन्सेलजवळ बुडवली. बाराशेच्या आसपास माणसं गेली. जी वाचली ती आणि जे मृतदेह हाती लागले ते, बहुतेक इथेच आणले. मेलेल्यांतल्या अनेकांना गावाबाहेरच्या दफनभूमीत मोठे खड्डे खणून पुरलं. शतकभर इथून माणसं बाहेर गेली, त्या एका आठवड्यात समुद्राने ती परत आणून टाकली. गावाने खाणावळी उघडल्या, घरातले बिछाने दिले. कोण कुठला, हे कुणी विचारलं नाही.

मामा : दुष्काळातही बाहेरून मदत आली होती, नाही का?

भाची : आली होती, आणि पहिल्या मदतीत आपल्याकडची होती. १८४६च्या जानेवारीतच कलकत्त्याला समिती झाली. कंपनीच्या फौजेतल्या आयरिश शिपायांनी पगारातून दिलं, हिंदी लोकांनीही दिलं. मुंबईतूनही पैसे गेले. आणि १८४७ला अमेरिकेतल्या चॉक्टॉ लोकांनी पाठवले. त्यांना स्वतःला पंधराएक वर्षांपूर्वीच आपल्या जमिनीवरून हाकललं होतं. इथून जवळच मिडल्टनला त्यांच्या आठवणीसाठी पिसांचं एक मोठं शिल्प उभं आहे.

मामा : हाकललेल्याला हाकललेल्याची भूक कळते.

भाची : मान्य केलंस ना?

मामा : चॉक्टॉंचं मान्य केलं. आता माझं एक मान्य कर. या गावाचं नाव कोव्ह कसं?

भाची : आधी कोव्हच होतं, म्हणजे खाडी. १८४९च्या ऑगस्टमध्ये राणी व्हिक्टोरिया इथे उतरली म्हणून क्वीन्सटाउन केलं. दुष्काळ अजून चालू होता. लोक निघत होते आणि गाव राणीच्या नावाने सजत होतं. स्वातंत्र्याच्या लढ्याच्या वेळी, १९२०च्या सुमारास, गावाने राणीचं नाव टाकलं आणि पुन्हा कोव्ह घेतलं, आयरिश स्पेलिंगमध्ये.

मामा : आणि ते आयरिश स्पेलिंग ज्या शब्दाचं आहे, तो शब्द आयरिश आहे?

भाची : (हसत) नाही. इंग्रजी 'कोव्ह'लाच आयरिश अक्षरांत लिहिलंय. आयरिश भाषेत त्याचा काही अर्थ नाही.

मामा : मग झालं. साहेबाला घालवलं, राणीचं नाव घालवलं, पण शब्द साहेबाचाच राहिला, फक्त लुगडं आयरिश नेसवलं. तुझं 'घालवले' आणि माझं 'गेले' असंच आहे. कुठलं एक ओढून काढायला गेलीस तर दुसरं हाताला चिकटून येतं.

भाची : म्हणजे बरोबरी? मला चालणार नाही. मला एक खूण हवी, जिच्यावरून ठरवता येईल.

मामा : खूण तूच सांगितलीस, त्या रात्रीच्या जागरणाची. मी चाळीस वर्षं जहाजावर होतो. प्रत्येक वेळी घरातून निघताना तुझी मामी रडायची, पण सुतक कुणी पाळलं नाही. कारण नऊ महिन्यांनी साइन ऑफ होऊन मी येणार हे तिला माहीत होतं. तूही इथे आलीस तेव्हा विमानतळावर आम्ही पेढे खाल्ले. ज्याला परत यायची वाट मोकळी आहे तो गेला. ज्याच्या मागे वाट बुजवली तो घालवला. भाडं जमीनदाराने भरलं की बहिणीने, शिक्का पार्लमेंटचा होता की बापाचा, हा नंतरचा प्रश्न.

भाची : मग या हिशेबाने या पंचवीस लाखांतले बहुतेक घालवलेच ठरतात.

मामा : ठरू देत. आणि तरी त्यांनी तिकडे जाऊन जे उभं केलं ते गेलेल्यांचं आहे, त्यावर तू काळं फासायचं नाहीस.

भाची : नाही फासत. एक सांगू? माझ्या कारखान्यात आज पोलंडचे, ब्राझीलचे, केरळचे, नाशिकचे लोक आहेत. गोऱ्या आयरिश बॉसच्या आजीची बहीण याच धक्क्यावरून गेली होती. तिचं पुढे काय झालं ते घरात कुणालाच ठाऊक नाही. तो मला पहिल्या दिवशी म्हणाला, तुमच्या आईला दर रविवारी फोन करत जा. मला तेव्हा हसू आलं होतं.

(खाली आजच्या मोठ्या धक्क्याला क्रूझचं जहाज लागलेलं असतं. त्यावरून उतरलेली अमेरिकन म्हातारी माणसं संग्रहालयाच्या दाराशी रांगेत उभी आहेत. हातात कागदावर आजोबांचं नाव, जहाजाचं नाव, साल.)

मामा : ही सगळी परत आलेली बघ. चार पिढ्यांनी का होईना.

भाची : बघायला आलीत, मामा. राहायला नाही. १८४१ला या बेटावर ८१ लाख ७५ हजार माणसं होती हे मघाशी सांगितलं. आज उत्तर आणि दक्षिण मिळून सत्तर लाखांच्या वर आहेत. पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ लोटला, आणि तो आकडा अजून भरून निघालेला नाही.